वकिलांच्या खुर्चीतलं विमान

आमच्या घरात आजवर कोणाचाच प्रश्न पुरा झालेला नाही. समोरच्यानं "काल तुम्ही" एवढं म्हटलं की आमच्या ह्यांचं उत्तर तयार. हे अकोल्याला जिल्हा न्यायालयात वकिली करतात, त्यामुळे त्यांना ते शोभतं तरी. मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरानं फळ्यावर चूक करायच्या आत मला ती दिसते आणि मी ओरडून मोकळी होते. आणि आम्हा दोघांच्या पोटी आलेली ही एकुलती एक कार्टी! ती तर जन्मालाच घाईनं आली. बाळंतपणाला मी माहेरी अमरावतीला निघाले होते, हिनं मूर्तिजापूरलाच गाडीतून उतरायला लावलं. अमरावतीचा मामा त्याबद्दल अजून रुसून आहे.

अशी पोरगी विमान चालवायला शिकते म्हणाली तेव्हा नातेवाइकांना वाटलं, आम्ही तिला अडवू. अडवायला वेळ कुठं मिळाला? आमचं काय ते ठरेपर्यंत तिनं अमरावतीजवळच्या प्रशिक्षण शाळेत नाव घातलंसुद्धा. मामाकडं राहायची आणि पहाटे उठून विमानतळावर जायची. मामाची छाती तेव्हापासून जी फुगली आहे ती अजून खाली आलेली नाही. तुमच्या अकोल्याला विमानतळ आहे, फक्त विमान यायचं तेवढं राहिलंय, हे तो दर फोनला न चुकता ऐकवतो.

एका इंजिनाच्या विमानावर तिची घाई खपून गेली. म्हणजे असं, की इंजिन एकच असलं आणि ते बंद पडलं, तर कोणतं बंद पडलं हा प्रश्नच येत नाही. पुढं दोन इंजिनांचं छोटं विमान आलं, एक इंजिन डाव्या पंखावर, एक उजव्या, आणि तिथं आमच्या घराण्याचा गुण उघडा पडला. परीक्षेत चांगल्या उंचीवर गेल्यावर परीक्षक गुपचूप एका इंजिनाचा जोर काढून घेतात. कोणतं गेलं ते ओळखायचं, ते नीट बंद करायचं आणि उरलेल्या एकावर विमान परत आणायचं. परीक्षकांनी डावं काढलं. आमच्या बाईसाहेबांनी पापणी लवायच्या आत उजवं बंद केलं. विमानात एकदम शांतता पसरली म्हणे. परीक्षकांनी दोन्ही इंजिनं पूर्ववत केली, विमान खाली आणलं आणि हिला नापास केलं.

"नापास कशी काय?" मी फोनवर ओरडले.

"आई, मी तर सगळ्यांपेक्षा फास्ट केलं होतं," ती हुंदके देत म्हणाली.

संध्याकाळी तिला शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांचा फोन आला. माणूस अंजनगाव सुर्जीचा, जग फिरून आलेला, पण बोलणं अंजनगावच्या बाजारातलंच. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"पोरगी हुशार हाय वकीलसाहेब," ते म्हणाले, "पण तिचा हात तिच्या डोक्याच्या पुढं धावून राहिला. महिन्याभरात मी तिले पुन्हा परीक्षेले बसवतो. नापासाचं मले काही वाटत नाही, नापास त मीही झालो. पण पुन्हा असंच झालं त दोन इंजिनाच्या विमानात मी तिले बसवणार नाही. काहून की, उद्या एखाद्या दिवशी खरंच बंद पडलं त…"

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. आमच्या घरात कोणाचंही अर्धं वाक्य तिघं मिळून पुरं करतात. ते वाक्य मात्र कोणीच पुरं केलं नाही.

मे महिना होता. शाळेला सुट्टी, कोर्टाला सुट्टी, आणि बाईसाहेब तोंड पाडून अकोल्याला आलेल्या. कॅप्टनसाहेबांनी तिला घरचा अभ्यास दिला होता. खुर्चीत बसायचं, डोळ्यांपुढं विमान आणायचं, उड्डाणातली एकेक गोष्ट तोंडानं बोलत हातानं करायची, आणि घरातल्या कोणीतरी मध्येच, न सांगता, इंजिन बंद पाडायचं. सिम्युलेटर आहे शाळेत, ते म्हणाले, पण त्यात माणूस तयार होऊनच बसतो. चहा पिता पिता बंद पडलं पाहिजे.

घरात फिरती खुर्ची एकच, ह्यांच्या ऑफिसातली. ऑफिस म्हणजे जठारपेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली. ह्या खुर्चीवर ह्यांचं प्रेम माझ्यापेक्षा जास्त आहे हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे. पोरीनं ती मागितली तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला की जणू विरुद्ध पक्षानं घरावर ताबा मागितला. पण दिली. टेबल सरकवलं, खुर्ची खोलीच्या मधोमध आली. पायाशी दोन विटा, ती पायानं दाबायची पॅडल. समोर थर्मोकोलच्या खोक्यात माझी उलथणी, पळ्या आणि झारे जोडीजोडीनं खोचले, ते विमानाचे दांडे. डावीकडचे डाव्या इंजिनाचे, उजवीकडचे उजव्या; त्यातली उलथणी इंजिनाचा जोर कमीजास्त करायची. त्या दिवसापासून आमच्याकडं भजी बंद झाली. इंजिनाच्या आवाजासाठी कूलर पूर्ण वेगावर सोडला. अकोल्यात मे महिन्यात तो एरवीही सुरूच असतो, त्यामुळे त्याला वेगळं काही करावं लागलं नाही.

माझं काम ठरलं खुर्चीमागं उभं राहायचं. इंजिन बंद पडलं की विमान बंद पडलेल्या इंजिनाकडं वळतं. मग मी खुर्ची खसकन डावीकडं ओढायची म्हणजे डावं गेलं. पोरीनं उजव्या पायानं वीट दाबून खुर्ची सरळ धरायची. ज्या पायाला काही काम उरलं नाही, त्या बाजूचं इंजिन गेलं. समोरच्या यंत्रांच्या काट्यांकडं बघायचं नाही, अंदाज करायचा नाही, पायाला विचारायचं. मग सगळे दांडे पुढं, चाकं वर. मग जे इंजिन गेलं असं वाटतं त्याचा दांडा हळूच मागं घ्यायचा. काहीच फरक पडला नाही म्हणजे तेच मेलं आहे. मगच त्याच्या पंख्याची पाती, त्यांची धार वाऱ्याकडं येईल अशी, फिरवायची, म्हणजे ती हवेत आडवी येत नाहीत.

"वेग किती?" मी म्हणायची आणि तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं की खुर्ची ओढायची.

पहिले दोन-तीन दिवस काय सांगू! मी खुर्ची डावीकडं ओढते न ओढते तोच उजवं उलथणं मागं. मी उजवीकडं ओढते तर दोन्ही झारे मागं आणि एक पळी जमिनीवर. एकदा तर मी नुसती शिंकले, हिनं डावं इंजिन बंद करून टाकलं.

"अव माय, थांब ना जराशी!" मी कपाळावर हात मारला. "कुठं आग लागून राहिली?"

"आई, तू ओढतेस तेव्हा माझा हात आपोआप जातो!"

"मग हातावर बस!"

ती खरंच हातावर बसली. आणि तिथं आमचे हे, दारातून सगळं बघत उभे, त्यांना सुचलं.

"तू काय करून राहिली माहीत आहे का?" हे म्हणाले. "तू निरपराध इंजिनाला फाशी देऊन राहिली. आधी आरोपीची ओळख पटली पाहिजे. पटली? मग पुरावा. दांडा हळूच मागं घेऊन पाहिला, फरक पडला नाही, पुरावा झाला. मग शिक्षा. ओळख, पुरावा, शिक्षा. मधली पायरी गाळली की वरच्या कोर्टात निकाल फिरतो."

"बाबा, तिथं वरचं कोर्ट नाही," पोरगी म्हणाली.

हे स्टूल ओढून दारातच बसले. पण ती तीन शब्दांची शिस्त मात्र तिला चिकटली. खुर्ची ओढली की ती पाय रोवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "ओळख!" मग श्वास. "पुरावा!" उलथणं हळूहळू मागं. मग माझ्याकडं मान वळवून, एखाद्या न्यायाधीशाच्या तोऱ्यात, "शिक्षा."

कोर्टाला सुट्टी असली तरी एका अशिलाला नव्हती. पातूरचे एक चाचा, कापडाचे जुने व्यापारी, त्यांचा दुकानाच्या जागेचा दावा ह्यांच्याकडं होता. निकालाची त्यांना घाई नसावी, पण वकिलाचं दर्शन घेतल्याशिवाय त्यांचा आठवडा सरत नसे. पहिल्यांदा ते आत आले तेव्हा त्यांचा वकील स्टुलावर, वकिलाची पोरगी खुर्चीत झारे धरून, आणि वकिलाची बायको खुर्ची गरागरा फिरवते आहे.

"वकीलसाब, सब खैरियत?" त्यांनी दबकत विचारलं.

पोरीनं सगळं समजावून सांगितलं. चाचांनी टोपी सारखी केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

"हम पॅसेंजर," ते म्हणाले. "चलो बेटा, पर आहिस्ता."

त्यानंतर ते आले की कागद बाजूला राहायचे. दर उड्डाणाला चाचा डोळे मिटून मनातल्या मनात दुआ पुटपुटायचे, आणि इंजिन बंद पडलं की बाकाची कड घट्ट धरायचे. ह्यांनी एकदा तारखेचा विषय काढला तर म्हणाले, "बच्ची को उतरने दो पहले. तारीख का क्या, तारीख तो फिर मिलेगी." अकोल्यातल्या कोणत्याही अशिलाच्या तोंडी इतकं खरं बोलणं मी ऐकलेलं नाही.

पंधरवड्यात पोरीचा हात सुधारला. इतका, की मी वैतागून मुद्दाम फसवायला लागले. पोळी लाटता लाटता जायची आणि ओढायची. ती जेवत असली तर ताटासकट खुर्चीत बसवायची आणि वरणाचा घास तोंडाशी गेला की ओढायची. ती घास खाली ठेवायची, पाय रोवायची, ओळख, पुरावा, शिक्षा, आणि पुन्हा घास उचलायची. शेजारीण खिडकीतून बघून गेली आणि कॉलनीत सांगत फिरली की पोरगी नापास झाल्यापासून त्यांच्या घरात सगळ्यांच्याच डोक्यावर परिणाम झाला आहे. बाईंच्या निरीक्षणात काही चूक नव्हती.

एक गोष्ट मात्र मी करत नव्हते.

कॅप्टनसाहेबांनी अभ्यास दोन भागांत दिला होता. वर गेल्यावर बंद पडलं तर काय, तो एक भाग. दुसरा भाग चाकं जमिनीवरून नुकती सुटल्यावरचा. तिथं ओळखही नाही, पुरावाही नाही. चाकं अजून खाली आहेत, समोर धावपट्टी उरली आहे, तर दोन्ही दांडे मागं ओढायचे, दोन्ही, आणि विमान सरळ समोर खाली बसवायचं. दुसरं चालू आहे ना, त्याच्यावर जाऊ वर, असं वाटतं, तेच वाटू द्यायचं नाही. कारण तेव्हा वेग कमी असतो. पाय कितीही रोवला तरी विमान ऐकत नाही, आणि जे इंजिन चांगलं आहे तेच जोर लावून विमानाला उलथवून टाकतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. तापलेल्या हवेत एका इंजिनावर विमान चढत नाही, चढल्यासारखं करतं.

"आणि हे वो ताई, विमानात करून दाखवता येत नाही," कॅप्टनसाहेब मला म्हणाले होते. "धावपट्टीवर धावता धावता करतो आम्ही, परीक्षकही करतात. पण चाकं सुटल्यावर एवढ्या खाली कोणी करत नाही, सरावातच मरू. ते खुर्चीतच करून घ्या. भरपूर करून घ्या."

मी विज्ञान शिकवते. मला ते एकदा सांगून कळलं, आणि कळलं म्हणूनच माझा हात उठेना. पोरगी म्हणायची, "वेग आला… नाक उचललं… चाकं सुटली…" आणि मी खुर्चीची पाठ धरून गप्प. "चाकं वर घेतली…" गप्प. "पाचशे फूट…" की मग मी ओढायची. दर वेळी. तिला मी जेवताना फसवत होते, शिंकून फसवत होते, पण त्या एवढ्याशा जागेत मी एकदाही फसवलं नाही.

अमरावतीला परत जायच्या आदल्या रविवारी दुपारी तिनं मला पकडलं. हे स्टुलावर पेपर वाचत होते, चाचा बाकावर होते.

"आई, तू नेहमी वर गेल्यावरच काहून बंद करतेस?"

"मले वाटतं तेव्हा करते."

"तुले कधीच खाली वाटत नाही?"

"नाही वाटत!"

"कॅप्टनसाहेबांनी सांगितलं होतं ना तुले. भरपूर करून घ्या म्हणून."

"सांगितलं असेल!" माझा आवाज चढला. "ते काय तुझी आई आहेत? मी नाही करणार. तू विमान उचलते आणि मी तुला तिथं पाडू? माझ्या हातानं? बाबांना सांग. त्यांना फाशी देण्याची भारी हौस आहे."

ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वर धरला. म्हणजे ह्यांचीही छाती नव्हती. तेव्हा मला कळलं की हे इतके दिवस दारात, स्टुलावर, पेपरामागं का बसून राहिले होते.

पोरीनं खुर्ची माझ्याकडं वळवली. तिनं घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा, मला वाटतं.

"आई, इंजिन तुले विचारून बंद पडणार नाही," ती म्हणाली. "आणि तू इथं बंद केलंस तर मी घरी आहे ना ग. बाबांच्या खुर्चीत आहे. इथं मी शंभरदा पडले तरी काय होणार आहे?"

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. मी पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "बस सरळ."

ती बसली. दांडे पुढं. "वेग आला. नाक उचललं. चाकं सुट…"

मी ओढली. इतक्या जोरात, की चाचांनी मोठ्यानं "या अल्ला" म्हटलं. पोरीचे दोन्ही हात दोन्ही उलथणी घेऊन मागं आले. ओळख नाही, पुरावा नाही, एक शब्द नाही. तिनं नाक खाली केलं, पाय विटांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसून राहिली. कूलर घरघरत होता.

"उतरलो," ती म्हणाली.

"कुठं?" ह्यांनी विचारलं.

"धावपट्टीवरच, पण थांबेपर्यंत ती संपली. पुढच्या शेतात."

"कोणाच्या शेतात? विनापरवानगी प्रवेश होतो तो."

"हमारा ही होगा," चाचा म्हणाले. "उतरने दो."

मग मी थांबले नाही. दुपारभर तिला पाडत राहिले. धावपट्टीवर पाडली, चाकं सुटल्याबरोबर पाडली, माणसाच्या उंचीवर पाडली, घराच्या उंचीवर पाडली. माझे हात दुखले, तिचे दुखले, थर्मोकोलचं खोकं फाटलं. प्रत्येक वेळी मला तितकंच वाईट वाटलं. सवयीनं ते कमी होत असेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पण तिचे हात मात्र दोन्ही दांडे घेऊन मागं यायला शिकले.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं भल्या सकाळी गाडीनं निघालो. आत जाऊ देत नाहीत, म्हणून विमानतळाच्या कुंपणाशेजारच्या रस्त्यावर बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. मामाला सांगितलंच नव्हतं, तो ओरडतो. हे कुंपणाच्या जाळीला चिकटून उभे, हातात थर्मास. थर्मासचं झाकण ह्यांनी किती वेळा उघडलं आणि लावलं ते मी सांगत नाही.

छोटं पांढरं विमान दूरच्या टोकाला येऊन थांबलं. दोन्ही पंखे फिरत होते.

"तीच," हे म्हणाले.

"तुम्हाला इथून काय दिसतं?"

"बसायची पद्धत."

विमान धावायला लागलं. आवाज वाढत आमच्याकडं आला. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, वेग आला, नाक उचललं. नाक खरंच उचललं गेलं. आणि एकदम आवाज पडला, विमान जरासं तिरकं झालं, सरळ झालं, आणि धावपट्टीवर धावत धावत आमच्या पुढून गेलं. टोकाच्या अलीकडं थांबलं.

"परीक्षकानं बंद केलं!" हे जाळी हलवत ओरडले. "धावताना बंद केलं, हिनं दोन्ही मागं घेतले! निकाल आपल्या बाजूनं!"

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, रस्त्यावर, या वयात. "बघा! कोणी शिकवलं?"

"तत्त्व माझं होतं."

"तत्त्व घाला चुलीत, ओढली कोणी?" मी म्हटलं. मग मला आठवलं. "पण अहो, चाकं सुटली होती ना?"

"छे. धावताना."

"सुटली होती. मी खालून उजेड पाहिला."

"चष्मा बदल. एवढ्या खाली ते करत नाहीत, कॅप्टन म्हणाले होते."

आम्ही तिथं चाकांवरून भांडलो. चहा पीत पीत, आनंदानं भांडलो. आता विमान वळून परत टोकाला जाईल आणि उरलेली परीक्षा होईल म्हणून वाट बघत होतो. विमान वळलं. पण टोकाला गेलं नाही. हळूहळू शेडकडं निघालं, आणि त्याचा एकच पंखा फिरत होता. ह्यांनी ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. मी पाहिलं आणि चहा खाली ठेवला.

ती बऱ्याच वेळानं फाटकातून चालत बाहेर आली. गणवेशाचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. चेहरा पांढरा, पण चाल नेहमीची.

"परीक्षा झाली नाही," ती म्हणाली. "पुढं कधीतरी घेतील. विमान उघडून बघतील आधी."

"कशाला उघडायचं?" हे म्हणाले. "परीक्षकानंच तर बंद केलं."

"नाही बाबा. ते पेनाचं टोपण शोधत होते. खाली पडलं होतं त्यांचं." ती हसायला गेली. "मला म्हणाले, मी तर अजून काही केलंच नव्हतं."

ह्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"चाकं सुटली होती का?" मी विचारलं.

"हो. माणसाच्या उंचीवर होतो." ती माझ्याकडं बघत होती. "आई, मी काहीच केलं नाही. विचारसुद्धा नाही. दोन्ही हात मागं आले होते. डावं गेलं होतं हे मला थांबल्यावर कळलं."

मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले आणि डोक्यात एकच फिरत होतं. तिनं त्या रविवारी मला विचारलं नसतं तर? तर मी नसतंच केलं. मला माझी ओळख आहे. मी तिला पाचशे फुटांवरच पाडत राहिले असते आणि लाडानं इथं पाठवलं असतं.

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. मग तिला धरलं. तिच्या केसांना पेट्रोलचा वास येत होता. ती आधी ताठ होती, मग तिनं सगळा भार माझ्यावर टाकला. शेजारी हे उभे होते, एका हातात थर्मास, दुसरा हात तिच्या डोक्यावर.

फाटकावरचा शिपाई आणि तिच्या बरोबरीची दोन-तीन पोरं तिथं थांबली होती.

"आई, सोड ना," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "सगळे बघून राहिले."

"बघू दे," मी म्हटलं.